महाड-पोलादपूरची वाट आणि तिचे टप्पे

वाटेचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे आपण बहुधा तिच्यावरून गेलेल्या सैन्यांचा इतिहास लिहितों. जावळीच्या रानांत अफझलखान कसा शिरला, नाना फडणीस १७९६ सालीं महाडास कां येऊन राहिले, हडपसरच्या लढाईनंतर १८०२ सालीं दुसरा बाजीराव महाडावरून कोणत्या बंदराकडे निघून गेला, हें आपल्यापैकीं पुष्कळांस पाठ असतें. पण त्याच वाटेवर बैलास पाणी कोठें मिळे, पालखीचे भोई कोठें बदलत, रात्र पडली असतां कोणाचें दार ठोठावतां येई, ह्याची चौकशी क्वचितच होते. सैन्य पिढींतून एखादे वेळीं जातें. वाट चालू राहते ती ह्या दुसऱ्या गोष्टींवर.

ह्या विषयाकडे लक्ष जाण्याचें कारण मात्र अगदीं अलीकडचें आहे. मुंबई-गोवें महामार्गावर विजेच्या मोटारी आतां बऱ्याच दिसूं लागल्या आहेत, आणि त्या घेऊन सहकुटुंब निघालेल्या मंडळींच्या तोंडीं एकच तक्रार असते. गाडी उत्तम आहे, चालविण्याचा खर्चही थोडा. पण वाटेंत ती भरावयाची कोठें? मोबाइलवरील नकाशांत चार्जिंग स्टेशन दाखविलेलें असतें. तेथें जाऊन पाहावें तों यंत्र बंद. (चार्जिंग ह्या शब्दास विद्युद्भरण, प्रभारण असे प्रतिशब्द सुचविणारे खुशाल सुचवोत. पोलादपूरच्या नाक्यावरचा चहावाला चार्जिंग म्हणतो आणि तें सर्वांस समजतें, म्हणून येथें तोच शब्द ठेवला आहे.) तक्रार नवी वाटते, पण ह्या वाटेपुरतें पाहिलें तर ती पुष्कळ जुनी आहे, एवढेंच नव्हे तर ह्या वाटेनें तिचीं एकाहून अधिक उत्तरें शोधून पाहिलेलीं आहेत.

महाडजवळ पाले गांवच्या डोंगरांत, महामार्गावरून जातांना सहज दृष्टीस पडतील अशीं, सुमारें तीस बौद्ध लेणीं आहेत. त्यांतील एका ब्राह्मी लेखांत कुमार काणभोज विष्णुपालित ह्याच्या दानाची नोंद आहे. त्यानें लेणें दिलें, चैत्यगृह दिलें, राहावयाच्या आठ खोल्या दिल्या, आणि पाण्याचीं दोन टाकीं दिलीं. दानाची यादी करणाऱ्यास पाण्याचा उल्लेख वेगळा करावासा वाटला, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. कोंकणांत पावसाळ्यांत पाण्याला तोटा नाहीं. परंतु वैशाखांत त्याच डोंगरावर घोटभर पाण्यासाठीं वणवण करावी लागते, हें त्या दात्यास माहीत होतें. खडकांत कोरलेल्या टाक्याचा एक गुण असा कीं तें एकदां कोरलें म्हणजे पावसानें आपोआप भरतें. दुसरा गुण असा कीं तें भरलेलें आहे कीं रिकामें, हें वाटसरूस नुसतें डोकावून पाहतांच कळतें. ह्या दुसऱ्या गुणाची आठवण वाचकांनीं ठेवावी. पुढें तिचा उपयोग आहे.

महाडचें महत्त्व त्याच्या जागेंत आहे. येथें खाडी संपते आणि घाट सुरू होतात. बाणकोटच्या मुखांतून सावित्रीनें वर येणारीं मोठीं गलबतें दासगांवापाशीं थांबत. लहान होड्या भरतीच्या पाण्याबरोबर महाडापर्यंत येत. तेथून पूर्वेस वरंधा घाटानें भोराकडे आणि पुढें पुण्याकडे वाट जाते. दक्षिणेस पोलादपूर, तेथें पुन्हां दोन फांटे फुटतात, एक महाबळेश्वराच्या अंगास चढणारा आणि दुसरा कशेडी ओलांडून खेड-चिपळुणाकडे उतरणारा. मीठ, सुकी मासळी, नारळ वर जावयाचे आणि धान्य, गूळ खालीं यावयाचा. आणि ही सारी ने-आण लमाणांच्या तांड्यांनीं, बैलांच्या पाठीवरच्या गोण्यांतून व्हावयाची. बैल दिवसांत किती चालेल हें ठरलेलें असतें. घाटांत त्याहून पुष्कळ कमी. तेव्हां मुक्काम कोठें पडावयाचा हें तांड्याचा नाईक ठरवीत नसे. तें बैलाचें पोट आणि डोंगराचा चढ हीं दोन ठरवीत. टप्पा हा आपला शब्द ह्याच व्यवहारांतून आलेला असो वा नसो, ह्या व्यवहारास तो चपखल बसतो.

ज्यास घाई असे, त्याच्यासाठीं निराळी युक्ति होती. तिला डाक बसविणें म्हणत. डाक म्हटली म्हणजे आज आपल्या डोळ्यांपुढें पत्रें येतात. मूळ कल्पना पत्राची नसून माणसांच्या सांखळीची आहे. दर कांहीं कोसांवर ताजे जासूद, ताजे भोई किंवा ताजें घोडें अगोदरच उभें करून ठेवावयाचें, म्हणजे दमलेला थांबतो आणि ताजा पुढें निघतो. ह्या योजनेंत वेग अपूर्व होता, पण नाजूकपणाही तितकाच होता. सांखळीची एक कडी निसटली, म्हणजे एका चौकीवर भोई आलेच नाहींत, कीं मागच्या साऱ्या टप्प्यांची तत्परता व्यर्थ जावयाची आणि पालखी रानांत उतरून बसावयाची. म्हणून डाक बसविणारा शहाणा असला तर नुसत्या चिठ्ठ्या लिहून थांबत नसे. खातरी करून येण्यासाठीं एखादा माणूस पुढें धाडीत असे.

इंग्रजी अमलांत ह्या वाटेस कांहीं काळ मोठे दिवस आले. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असतांना १८२९च्या सुमारास महाबळेश्वर सातारकर छत्रपतींकडून इंग्रजांकडे आलें, आणि उन्हाळा लागला कीं मुंबईचे साहेबलोक तिकडे धांवूं लागले. त्यांची एक मुख्य वाट समुद्रानें बाणकोट, सावित्रीनें महाड, तेथून पोलादपूर आणि पार घाट अशी होती. पुढें १८७०-८०च्या दशकांत गव्हर्नर फिट्झजेराल्ड ह्यांच्या नांवाचा गाडीरस्ता झाला. त्यालाच आज आपण आंबेनळी घाट म्हणतों. परंतु रस्ता तयार होईपर्यंत वाटसरू दुसरीकडे वळले होते. बोरघाटांतून १८६३ सालीं रेल्वे चढली आणि मुंबईचा मनुष्य पुण्यास उतरून वाईवरून महाबळेश्वर गांठूं लागला. रस्ता सुधारला तेव्हां वर्दळ ओसरलेली, असा हा विपरीत योग आहे. अशा वेळीं वाटेवरच्या मुक्कामांचें काय होतें तें उघड आहे: वाटसरू कमी झाले म्हणून बंगल्याचा खानसामा जातो, आणि खानसामा गेला म्हणून उरलेले वाटसरूही दुसऱ्या वाटेनें जाऊं लागतात. पहिला दोष कोणाचा, हें मग कोणासच सांगतां येत नाहीं.

आतां मोटारीकडे वळूं. पेट्रोलच्या गाडीस जागोजागीं पंप जन्मापासूनच लाभले होते, अशी आपली समजूत झालेली आहे. ती खरी नाहीं. १८८८च्या ऑगस्टांत बर्था बेंझ ही बाई नवऱ्याला न सांगतां दोन मुलांस घेऊन त्याच्या तीन चाकी मोटारीनें मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. जाण्याचें अंतर सुमारें शंभर किलोमीटर. वाटेंत इंधन सरलें तेव्हां विस्लोख गांवच्या औषधवाल्याकडून तिनें लिग्रोइन नांवाचा डाग काढण्याचा द्रव विकत घेतला आणि गाडी पुढें हांकली. जगांतला पहिला पेट्रोल पंप तो औषधाचें दुकान होय. आपल्याकडेही मोटारीच्या आरंभकाळांत पेट्रोल टिनाच्या डब्यांतून विकलें जाई, आणि लांबच्या प्रवासास निघणारा डबे बरोबर घेऊन निघे.

उलट विजेची मोटार ही काल-परवांची वस्तु नव्हे. १९०० सालीं अमेरिकेंत ज्या ४१९२ मोटारी तयार झाल्या, त्यांत वाफेच्या १६८१, विजेच्या १५७५ आणि पेट्रोलच्या अवघ्या ९३६ होत्या. त्याच्या आदल्याच वर्षीं कामीय झेनात्सी ह्या बेल्जियन गृहस्थानें विजेच्या गाडीनेंच ताशीं शंभर किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडला होता. मग ती मागें कां पडली? १९१२ सालीं कॅडिलॅक गाडीस केटरिंगचा विजेचा स्टार्टर बसला आणि हँडल मारण्याची कटकट गेली, हें एक कारण पुस्तकांत असतें. पेट्रोल स्वस्त झालें, हें दुसरें. मला तिसरें कारण त्यांच्या बरोबरीचें वाटतें. पेट्रोल डब्यांत भरून खेड्यांतल्या वाण्याच्या दुकानांत ठेवतां येतें. वीज अशी ठेवतां येत नाहीं, आणि त्या काळीं शहराबाहेर ती जवळ जवळ नव्हतीच. विजेची मोटार हरली ती शहरांत नव्हे. शहर संपून जेथें वाट सुरू होते तेथें हरली. अमेरिकेंतील हार्टफर्ड शहरांत रिकामी बॅटरी काढून भरलेली बसविण्याची सोय कांहीं वर्षें चालली होती. आपल्या डाक बसविण्याचाच तो विजेचा अवतार. पण तीही शहरापुरतीच राहिली.

रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्याच्या, इतिहासांत १९२७ आणि १९२८ हीं दोन वर्षें ह्या दृष्टीनें मोठीं चमत्कारिक आहेत. १९२७ सालीं कुंडलिकेच्या खोऱ्यांत भिरा येथें टाटांचें जलविद्युत्केंद्र सुरू झालें. वीज जिल्ह्यांत निघाली आणि तारांवरून मुंबईकडे गेली. १९२८ सालीं महाडजवळ सावित्रीवर दगडी पूल झाला आणि त्याच वर्षीं हिंदुस्थानांत बर्मा-शेल कंपनी स्थापन होऊन तेलाचा व्यापार एका मोठ्या जाळ्यांत ओवला गेला. अर्थात् पूल आणि पेट्रोल हीं दोन्हीं ह्या वाटेस लाभलीं. वीज शेजारीं निर्माण होऊनही तिच्या वांट्यास पुष्कळ उशिरां आली.

त्याच १९२७ सालीं, मार्चच्या २० तारखेस, महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनीं हजारों अनुयायांसह पाणी प्राशन केलें. ह्या घटनेची तुलना मोटारवाल्यांच्या गैरसोयीशीं करणें हें औचित्याला सोडून होईल, आणि ती मी करीत नाहीं. एकीकडे माणुसकीचा हक्क होता. दुसरीकडे फार तर सुट्टीचा बेत आहे. परंतु सार्वजनिक ह्या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न ह्या गांवीं इतक्या तीव्रतेनें विचारला गेला आहे कीं महाडवर लिहितांना तो टाळतां येत नाहीं. रावबहादुर बोले ह्यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलांत १९२३ सालीं मंजूर झाला होता. त्यांत सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा सर्वांस खुल्या केल्या होत्या. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं तळें खुलें केल्याचा ठरावही केला. कागदावर तळें तीन वर्षें खुलें होतें. काठावर तें बंद होतें. पुढें १९२७च्या ऑगस्टांत पालिकेनें तो ठरावही मागें घेतला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागावयास १९३७चा मार्च उजाडावा लागला. ठराव आणि वस्तुस्थिति ह्यांमध्यें केवढी दरी असूं शकते, हें महाडइतकें दुसऱ्या कोणत्या गांवास ठाऊक असेल?

ह्या पार्श्वभूमीवर आजचे ठराव वाचावे. केंद्र सरकारच्या १४ डिसेंबर २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत महामार्गाच्या दोहों बाजूंस दर २५ किलोमीटरवर एक चार्जिंग स्टेशन असावें, असें म्हटलें होतें. महाराष्ट्र राज्याच्या २०२५च्या धोरणांतही महामार्गांसाठीं २५ किलोमीटरचाच आंकडा आला. मधल्या काळांत, २०२३ सालीं, तीन सरकारी तेलकंपन्यांस ७४३२ जलद चार्जरांसाठीं ८०० कोटि रुपये मंजूर झाले. २५ किलोमीटर हें अंतर कोणीं कसें ठरविलें असेल तें असो. महाड ते पोलादपूर ह्याहून कांहींसें कमीच भरतें, म्हणजे जुन्या बैलाच्या टप्प्याच्या तें फारसें पलीकडे नाहीं. आंकड्यांबद्दल माझी तक्रार नाहीं. यंत्रें खरोखरच वाढलीं आहेत. दहा वर्षांपूर्वीं ह्या वाटेनें विजेची मोटार घेऊन निघणें हें धाडस झालें असतें, आज तें धाडस राहिलेलें नाहीं. पण जें धाडस नाहीं तें भरंवशाचें झालें, असें होत नाहीं.

गेल्या मे महिन्यांत एका नातलगाच्या गाडींतून आम्हीं पांच जण महाबळेश्वरास निघालों होतों. बरोबर ऐंशींच्या घरांतील एक वृद्धा होती. महाड मागें टाकल्यावर एका उपाहारगृहाच्या आवारांतील चार्जरवर थांबावयाचें ठरलें होतें. यंत्र उभें होतें, त्यावर हिरवा दिवाही होता. नळी लावली, मोबाइलवर पैसे भरले, आणि यंत्र दोन मिनिटें चालून थांबलें. पुन्हां केलें, पुन्हां थांबलें. यंत्रावर लिहिलेल्या क्रमांकावर विचारलें तेव्हां दूर कोठल्या तरी शहरांतून अत्यंत नम्र आवाजांत सांगण्यांत आलें कीं त्यांच्या पडद्यावर यंत्र चालू दिसत आहे. उपाहारगृहाचा मालक म्हणाला, यंत्र आमचें नाहीं, जागा तेवढी आमची. शेवटीं स्वयंपाकघराजवळच्या साध्या सॉकेटला गाडी लावली. अशा सॉकेटांतून तासाला तीन युनिटें जेमतेम मिळतात. तीस युनिटांची बॅटरी भरावयास दहा तास. आम्हीं चार तास बसलों, वृद्धेस एका खाटेवर निजविलें, आणि संध्याकाळीं वर निघालों.

चार तास कां, ह्याचा हिशेब घाटांत आहे, आणि तो न मांडतां पुष्कळ लोक फसतात. पोलादपुराहून महाबळेश्वर चाळीसएक किलोमीटर. सपाटीवर एवढ्यास सहा युनिटें पुरतात. पण ह्या चाळीस किलोमीटरांत सुमारें १३०० मीटर चढावें लागतें. माणसें आणि सामान धरून गाडीचें वजन १७०० किलो मानलें तर तेवढें ओझें तेवढें उंच नेण्यासच आणखी सहा युनिटें लागतात, हें पदार्थविज्ञानाचें साधें गणित आहे. ह्यांतून कोणतीही कंपनी सूट देऊं शकत नाहीं. म्हणजे खर्च दुप्पट. गाडीच्या पडद्यावर अमुक किलोमीटर शिल्लक असा आंकडा येतो तो मागच्या सपाट रस्त्यावरून काढलेला असतो. पुढें डोंगर आहे हें त्यास कळेलच असें नाहीं. उतरतांना ह्यांतली बरीच वीज परत मिळते, हें खरें, आणि तो अनुभव मोठा गमतीचा असतो. पण चढणारास उतरणाराच्या नफ्याचा उपयोग काय? तांड्याचा नाईक घाटांतला टप्पा आंखूड ठेवी. आमचीं धोरणें मात्र घाट आणि सपाटी दोहोंस एकच माप लावतात.

यंत्रें बंद कां पडतात, ह्याचीं कारणें तज्ज्ञांस विचारलीं तर तीं क्षुल्लक निघतात. विजेचा दाब कमीजास्त झाला, अर्थिंग बिघडलें, पावसाचें पाणी जोडणींत शिरलें, डोंगराआड मोबाइलचें जाळें मिळालें नाहीं म्हणून पैसे पोंचले नाहींत, कोणी पेट्रोलची गाडी नेमकी त्याच जागीं लावून जेवावयास गेला. कोणतेंही कारण असाध्य नाहीं. असाध्य आहे ती मालकी. जागा उपाहारगृहाची, यंत्र एका कंपनीचें, मोबाइलवरील व्यवहार दुसरीचा, वीज महावितरणची आणि अनुदान सरकारचें. इतके धनी असलेल्या गुरास पाणी कोण दाखविणार? जुन्या धर्मशाळांची रीत निराळी होती. बांधणारा शहाणा असला तर इमारतीबरोबर तिच्या दिवाबत्तीसाठीं आणि झाडलोटीसाठीं जमिनीचें उत्पन्न लावून देई. कारण इमारत एकदां बांधून होते, दिवा रोज लावावा लागतो. आमचें अनुदान यंत्र बसविण्यास मिळालें. तें यंत्र तिसऱ्या वर्षीं चालू आहे कीं नाहीं, ह्यावर कोणाचा पैसा अडला आहे? पेट्रोल पंपावर नळी हातांत धरून एक माणूस उभा असतो, आणि विक्री थांबली तर त्याच्या मालकाचा धंदा थांबतो. म्हणून पंप बिघडला तर संध्याकाळच्या आंत दुरुस्त होतो. चार्जरपाशीं माणूस नाहीं, हीच प्रगति म्हणून सांगितली जाते.

कांहीं लोक म्हणतील, पेट्रोलची व्यवस्था बसावयासही कित्येक वर्षें लागलीं, धीर धरा. हें म्हणणें अर्धें मान्य करावें. पण औषधवाल्याकडची बाटली रिकामी असली तर बर्था बेंझला ती दिसली असती. पाल्याच्या टाक्यांत पाणी नसलें तर भिक्षूला दिसे. चार्जर मात्र भरलेला दिसतो आणि रिकामा असतो. नाहीं म्हणून सांगणारी सोय चालते, मनुष्य दुसरी योजना करतो. आहे म्हणून सांगून नसणारी सोय ही नसण्याहून वाईट.

आणि ही वाट चुकीस क्षमा करणारी नाहीं. सावित्रीवरचा तो १९२८चा पूल २०१६च्या ऑगस्टच्या २ तारखेस रात्रीं पुरांत वाहून गेला, एस.टी.च्या दोन गाड्या आणि इतर वाहनें अंधारांत नदींत गेलीं आणि सुमारें चाळीस माणसें दगावलीं. पूल जुना आहे, हें ठाऊक होतें. कागदोपत्रीं तो वाहतुकीस योग्य होता. नवा पूल पुढच्या वर्षींच्या जूनमध्यें खुला झाला. २०२१च्या जुलैंत महाड शहर पुरांत बुडालें, तळिये गांवावर दरड कोसळून ८०हून अधिक माणसें गेलीं, पोलादपूर तालुक्यांतही दरडी आल्या, घाट बंद झाला, वीज आणि फोन दोन्हीं गेले. अशा रात्रीं पेट्रोलची गाडी डब्याभर तेलावर निघूं शकते. विजेच्या गाडीस तो डबा नाहीं. उद्यां रुग्णवाहिका आणि एस.टी.च्या गाड्याही विजेवर चालूं लागल्या म्हणजे प्रश्न सुट्टीच्या बेताचा राहणार नाहीं. तेव्हां महाड आणि पोलादपूर ह्या दोन ठिकाणीं तरी, पुराच्या पातळीहून उंच जागीं, स्वतःची साठवण असलेलीं आणि जवळ माणूस असलेलीं स्टेशनें हवींत. ह्यास फार मोठा पैसा लागेल असें नाहीं; पण तो पैसा दिवाबत्तीच्या नांवानें दरवर्षीं द्यावा लागेल.

तोंवर वाटसरू आपली व्यवस्था आपण करूं लागले आहेत. पोलादपूरच्या फांट्यावर, जेथें डावीकडे आंबेनळी चढते, तेथें चहाला थांबलेल्या विजेच्या गाडीचा चालक महाबळेश्वराहून उतरलेल्या गाडीची पाटी हिरवी दिसली कीं उठून तिच्याजवळ जातो आणि विचारतो, वरचें चालू आहे का? उतरलेला मनुष्य कोणत्या आवारांतलें चालू, कोणतें बंद, कोणत्याची एकच नळी चालते, हें सारें सांगतो, आणि खालचें काय म्हणून आपण विचारून घेतो.